भाचीला सिस्टर लोकांच्या होममध्ये काम करायचंय, घरात महाभारत चालू आहे. यात श्रद्धेचा नेमका काय रोल असतो?

स्नेहलतागंजची मावशी

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. लांबलचक होणार आहे, आधीच माफी मागून ठेवते.

माझी भाची यंदा एमएसडब्ल्यू झाली. सगळ्यांना वाटत होतं आता एखाद्या कंपनीच्या सीएसआरमध्ये लागेल, एसी ऑफिस, दिवाळीला बोनस. तर बाईसाहेब मागच्या रविवारी पोह्यांची प्लेट हातात असताना शांतपणे म्हणाल्या की मी सिस्टर लोकांच्या, म्हणजे ख्रिश्चन ननच्या, एका होममध्ये जॉइन करतेय, तिथे तस्करीतून सोडवलेल्या मुली असतात, पगार पंधरा हजार. ताई गॅस बंद करायची विसरली. जिजाजींचं (इंदुरात आम्ही जिजाजीच म्हणतो, भावजी म्हटलं की लोक विचारतात पुण्याहून कधी आलात) तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ एकच, हे सगळं धर्मांतराचं दुकान आहे. आणि माझी आई, वय ८१, तिचं तिसरंच, म्हणे आपल्यातले लोक काय मेलेत का हे काम करायला, त्यांच्याकडेच कशाला जायचं. भाची म्हणाली आजी तू एक नाव सांग, मी उद्या तिथे जाते. आई गप्प बसली, मग म्हणाली आठवलं की सांगते.

मी म्हटलं आपण बघून तर येऊ. भाचीबरोबर गेले. साधं घर, दारावर पाटी सुद्धा नाही, आत चौदा-पंधरा मुली, एक शिलाई मशीनवर, दोन जणी भांडत होत्या चार्जरवरून, म्हणजे आपल्या घरासारखंच. मोठ्या सिस्टर केरळच्या, हिंदी अशी की दोनदा ऐकावं लागतं. त्या गवार मोडत बसल्या होत्या, मी पण बसले मोडायला. विचारलं, सिस्टर तुम्ही हे का करता. त्या म्हणाल्या रोज सकाळी प्रार्थनेत येशूला म्हणतो तुला भेटायचंय, आणि तो तर सांगून गेलाय की मी कुठे सापडेन, मग तिथे नको जायला? एवढंच, पुढे गवारीला कीड किती आहे यावर बोलत राहिल्या. येताना भाचीकडून कळलं की एका मुलीच्या केससाठी त्या आत्तापर्यंत एकोणीस वेळा कोर्टात गेल्यात. एकोणीस!

आता मी हे का विचारतेय ते पण सांगते, कारण नुसती उत्सुकता नाहीये. दोन वर्षांपूर्वी सरवटे बसस्टँडवर रात्री साडेनऊला मी बसची वाट बघत होते, समोर दोन मुली, बारा-तेराच्या असतील, त्यांच्याबरोबर एक बाई, आणि ती बाई त्यांना स्वतःची नावं पाठ करून घेत होती. नावं! मला कळलं काहीतरी गडबड आहे. पक्कं कळलं. आणि माझी बस आली आणि मी चढले. मी देवाधर्माची बाई आहे, गुरुवार करते, कुणाचं वाईट करत नाही. पण मी चढले बसमध्ये. तेव्हापासून डोक्यात आहे की ती गवारवाली सिस्टर असती तर चढली असती का, आणि नसती चढली तर ते तिच्या येशूमुळे का ती मुळातच तशी बाई आहे म्हणून?

तर यांच्या धर्मात असं काय आहे की इतके लोक याच कामात दिसतात, जिजाजी म्हणतात त्यात किती तथ्य आहे, आणि पोरीला जाऊ द्यावं का. राजकारण नको प्लीज.

लाल गिरजाजवळचा

मावशी, मी मराठी ख्रिश्चन, आजोबा अहमदनगरहून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले, तेव्हापासून इंदूरच. आमच्या घरी नाताळला अनारसे होतात, यावरूनच ओळखा.

सिस्टर जे बोलल्या ते बायबलमधल्या मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातलं आहे. शेवटच्या न्यायाच्या दिवशी राजा म्हणतो मी भुकेला होतो तुम्ही खायला दिलंत, तुरुंगात होतो तुम्ही भेटायला आलात, लोक म्हणतात कधी हो महाराज, तर तो म्हणतो या माझ्या लहानातल्या लहानासाठी केलंत ते माझ्यासाठीच केलंत. म्हणजे त्या मुलीत येशू आहे असं समजून तिची सेवा करायची, हे नुसतं बोलायला नाही, खरंच तसं मानतात. दुसरं म्हणजे बायबलची अर्धी गोष्टच विकलेल्या माणसांची आहे. योसेफाला त्याच्या भावांनीच व्यापाऱ्यांना विकलं, वीस रुप्यांत, मिसर देशात. पुढे त्याच्या वंशाचे लोक तिथेच गुलाम झाले आणि देव पहिल्यांदा मोठ्याने काय म्हणतो तर यांना सोड. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात माणूस पळवून विकणाऱ्याला थेट मृत्युदंड सांगितलाय. आणि येशूने नासरेथच्या सभास्थानात पहिल्यांदा उभं राहून जे वाचलं ते यशयाचं, बंदिवानांना सुटका. तर आमच्या पोरांनी रविवारच्या शाळेत कान देऊन ऐकलं तर हे डोक्यात बसतं.

आणि एक शब्द सांगतो, खंडणी. आज खंडणी म्हटलं की तुम्हाला गुंड आठवतो. मराठी बायबलमध्ये येशू म्हणतो मी पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला आलो, म्हणजे गुलामाला सोडवायला जी किंमत मोजतात ती. म्हणजे आम्ही स्वतःलाच विकलेले आणि मग सोडवून आणलेले मानतो. मग दुसरा कोणी विकला जात असताना बस पकडणं जड जातं. जायला पाहिजे निदान. खरं सांगू का, आमच्यातले शंभरातले नव्वद लोक पकडतात. मी पण. रविवारी उपासना, मग छप्पन दुकानला जाऊन हॉटडॉग, सोमवारी ऑफिस. तेव्हा "इतके लोक याच कामात दिसतात" हे जरा दुरून दिसणारं आहे.

८ फेब्रुवारीला कॅथलिक लोक या विषयावर प्रार्थना दिवस पाळतात, २०१५ पासून. तो संत जोसेफीन बखिताचा दिवस. सुदानमधली मुलगी, लहानपणी पळवली, इतक्यांदा विकली की स्वतःचं खरं नाव विसरली, बखिता हे नाव पळवणाऱ्यांनी ठेवलेलं, अर्थ काय तर नशीबवान. पुढे इटलीत नन झाली, १९४७ ला वारली, २००० साली संतपद मिळालं. तुमच्या सरवटेच्या नावं पाठ करणाऱ्या मुली वाचल्या आणि मला हीच आठवली.

महूकर

ताई राजकारण नको म्हणालात म्हणून फक्त इतिहास सांगतो. वरच्या भाऊंनी योसेफ सांगितला, इफिसकरांस पत्रातलं "दासांनो धन्यांच्या आज्ञा पाळा" नाही सांगितलं. अमेरिकेतले मळेवाले तेच वचन दाखवून चाबूक मारायचे. बार्बाडोसला कॉड्रिंग्टन नावाचा उसाचा मळा होता, मालक कोण तर इंग्लंडच्या चर्चची धर्मप्रसार करणारी संस्था, आणि गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने "सोसायटी" असा डाग द्यायचे. संस्थेचं नाव हो! चर्च ऑफ इंग्लंडने माफी मागितली २००६ मध्ये. विल्बरफोर्सचं नाव आता कोणी घेईलच, इंग्लंडचा खासदार, १८०७ ला गुलामांचा व्यापार बंद आणि १८३३ ला गुलामगिरी बंद, मोठा माणूस, मान्य. पण १८३३ च्या त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. म्हणजे आपण. आपल्यासाठी १८४३ उजाडावं लागलं.

आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत आहे, राज्यघटनेचं कलम २३. माणसांचा व्यापार आणि वेठबिगार याला मनाई. त्यात देव नाही, पुण्य नाही, हक्क आहे. आणि ज्यांच्या हाताखाली घटनेचा मसुदा झाला ते बाबासाहेब आमच्या महूत जन्मले. १९३६ ला मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या बायकांसमोर उभं राहून ते बोलले होते, हे जीणं सोडा म्हणून, स्पष्ट, कडक शब्दांत. दयेने कोणी आलं की तुम्ही कायम त्याचे ऋणी, हक्काने आलं की नाही. माझा आक्षेप एवढाच. भाचीला जाऊ द्या, पण तिला कलम २३ पाठ असू द्या.

जुनी पुस्तकं नवी धूळ

महूकर, विल्बरफोर्सचं तुम्हीच घेतलंत नाव, आता मी नाही घेत 🙂 पण महूचा विषय काढलात म्हणून एक सांगायलाच पाहिजे. महू म्हणजे छावणी, १८१८ पासूनची. इंग्रजांच्या छावण्यांमध्ये गोऱ्या शिपायांसाठी चकले, म्हणजे वेश्यागृहं, असायचे, लष्कराच्या नोंदीतले, बायकांची सक्तीने डॉक्टरी तपासणी, आजारी निघाली की कोंडून ठेवायचं. इंग्लंडमध्ये जोसेफीन बटलर नावाची बाई, एका पाद्र्याची बायको, असल्याच तपासणीच्या कायद्याविरुद्ध सतरा-अठरा वर्षं लढली आणि १८८६ ला तो रद्द करवला. तेच हिंदुस्थानात गुपचूप चालूच होतं. मग १८९१-९२ मध्ये, म्हणजे साधारण बाबासाहेब महूत रांगत होते तेव्हा, दोन अमेरिकन बायका एलिझाबेथ अँड्र्यू आणि डॉक्टर कॅथरीन बुशनेल इथल्या छावण्यांमध्ये फिरल्या, थेट चकल्यात जाऊन त्या बायकांशी बोलल्या, सगळं लिहून घेतलं आणि १८९३ ला लंडनला समितीपुढे साक्ष दिली. लॉर्ड रॉबर्ट्स, एवढा मोठा सेनापती, आधी म्हणत होता असं काही नाहीच, त्याला जाहीर माफी मागावी लागली.

माझ्यासाठी खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. बुशनेलला प्रश्न पडला की हे सगळं चालवणारे अधिकारी रविवारी चर्चमध्ये बसणारेच आहेत, मग यांनी बायबल वाचलंय तरी काय? तिचं मत झालं की पुरुषांनी भाषांतर करताना बायकांना खाली ठेवलंय, आणि मग बाईने मूळ हिब्रू-ग्रीकमधून स्वतः वाचत आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. आणि इकडे त्याच काळात आपली पंडिता रमाबाई काय करत होती? केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून मराठीत बायबल उतरवत होती, साध्या बायकांना कळेल असं, मरेपर्यंत म्हणजे १९२२ पर्यंत. म्हणजे श्रद्धा आहे म्हणून गप्प बसलं नाही, उलट श्रद्धा आहे म्हणूनच धर्माचं पुस्तक परत उघडून मालकांशी भांडलं.

आणि मावशी, रमाबाईची गोष्ट तर तुमच्या घरचीच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात ती आपल्या बाजूला आली होती, मध्य प्रांतात. मदतीच्या छावण्या बघितल्या तर दलाल लोक फिरताहेत, अनाथ मुली आणि विधवा गोड बोलून उचलताहेत. तिने स्वतः तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावले होते, उपाशी पायी फिरली होती, तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेकडो जणी गाडीत घालून नेल्या. नंतर छप्पनच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००) दुष्काळात गुजरातमधून पण. केडगावला शेती, छापखाना, विणकाम, आणि वाईट मार्गाला लावलेल्या बायकांसाठी वेगळं कृपासदन.

आता तुमच्या जिजाजींचा मुद्दा. शारदा सदन काढलं १८८९ ला, तेव्हा म्हणाली होती इथे धर्म शिकवणार नाही. १८९३ ला बोभाटा झाला की मुली तिच्या प्रार्थनेला बसतात. केसरीत झोड उठली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. तिचं म्हणणं, मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करते, कुणाला बोलवत नाही आणि हाकलतही नाही. आता तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं वाटतं. उपाशी पोरीला जी बाई भाकरी देते तिच्या उघड्या दाराला पण ओढ असतेच.

भिया बोलून राहिला

एवढं मोठं कोण वाचतं भिया 😂 आपल्या इकडे पण अन्नछत्र चालतात, त्यांना कोणी विचारत नाही तुम्ही का करता.

दहा वर्षं काढली

अन्नछत्रात आणि यात फरक आहे भिया. अन्नछत्रात जेवून माणूस घरी जातो. इथे घरानेच विकलेलं असतं कधी कधी.

मी दहा वर्षं या क्षेत्रात काढली, तीन संस्थांमध्ये, एक ख्रिश्चन आणि दोन नॉन. नाव नका विचारू. आता सोडलं, बीपी झालं. मावशी तुमच्या पोस्टमधली महत्त्वाची गोष्ट ती एकोणीस तारखांची आहे, बाकी सगळं त्याच्या मागे.

लोकांना वाटतं रेस्क्यू म्हणजे काम. दार तोडलं, पोलीस, कॅमेरा, मुली तोंडावर ओढणी घेऊन गाडीत. तो एक दिवस असतो. त्यानंतर मेडिकल, मॅजिस्ट्रेटपुढे जबाब (आधी १६४ म्हणायचो, आता नवीन कायद्यात १८३), अठराच्या खालची असेल तर बाल कल्याण समिती, घरचा सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे कोणीतरी झाबुआ नाहीतर अलीराजपूरच्या आतल्या फळ्यात (पाड्यात) दोन बस बदलून जायचं आणि बघायचं की जो काका घ्यायला आलाय तोच तर विकणारा नाही ना. मग रात्री. पहिले दोन-तीन महिने कोणी झोपत नाही, एक ओरडली की सगळ्या उठतात. काही मुली पळून परत त्याच कोठा चालवणाऱ्या घरवालीकडे जातात कारण तिथे निदान मोबाईल होता आणि कोणीतरी बेटा म्हणत होतं. आणि ज्या मुलीसाठी तुम्ही दोन वर्षं घातलीत ती कोर्टात उभी राहते आणि म्हणते मी यांना ओळखत नाही, कारण आदल्या दिवशी तिच्या भावाला कोणीतरी भेटून गेलेलं असतं. आरोपी सुटतो, जिन्यात तुमच्याकडे बघून हसतो. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही काय करता?

मी काय करायचे सांगू? घरी येऊन टीव्ही लावायचे आणि नवऱ्यावर खेकसायचे. माझ्या त्या ख्रिश्चन संस्थेतली मुख्य बाई चॅपलमध्ये जाऊन पाऊण तास बसायची. एकदा मी चिडून विचारलं काय मिळतं आत बसून, तर म्हणाली शिव्या देते मी देवाला, स्तोत्रांमध्ये तर अर्ध्या शिव्याच आहेत, किती काळ तू तोंड लपवणार म्हणून. आणि मग बाहेर येऊन वकिलाला फोन. तर श्रद्धेने मला वाटतं हे मिळतं, निकाल आपल्या हातात नाही हे आधीच मान्य करून उद्या परत जाता येतं. माझ्यासारखीला निकाल लागत होता, म्हणून मी दहा वर्षांत संपले. त्या बाई अजून आहेत, वय ६६.

पण आता दुसरी बाजू, कारण मी चर्चची जाहिरात करायला बसले नाहीये. "मला देवाने पाठवलंय" असं वाटणारा माणूस ऐकत नाही. मी असे लोक पाहिलेत जे सज्ञान बाईला विचारतच नाहीत तुला यायचंय का. आपल्या देहव्यापाराविरुद्धच्या कायद्यात, १९५६ च्या, बायकांना संरक्षण गृहात ठेवायची सोय आहे, एक ते तीन वर्षं, तिच्या मनात असो नसो. २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सज्ञान आणि स्वतःच्या मर्जीने असलेल्या बायकांना छाप्यात पकडू नका, आणि गृहांमध्ये मनाविरुद्ध ठेवलेल्यांचा सर्व्हे करा. आयर्लंडमध्ये तर नन लोकांच्याच मॅग्डालेन लाँड्री होत्या, बायकांना पापी ठरवून आत ठेवायचं आणि फुकट कपडे धुवून घ्यायचे, शेवटची बंद झाली १९९६ ला, सरकारने माफी मागितली २०१३ ला. सोडवणाऱ्यानेच परत कोंडलं. म्हणून भाचीला सांगा, मुलाखतीला जाताना तिनेच प्रश्न विचारायचे. संध्याकाळच्या प्रार्थनेला न बसणाऱ्या मुलीचं काय होतं? सज्ञान बाई म्हणाली मला उद्या जायचंय तर दार उघडतं का? मुलींचे फोटो आणि साक्ष देणगीदारांना पाठवता का? तिसऱ्यावर बऱ्याच ठिकाणी लोक खोकतात. सगळ्या धर्मांचे.

आणि सरवटेबद्दल. स्वतःला खाऊ नका. पण पुढच्या वेळी एकटीने त्या बाईशी वाद घालायचा नाही, १०९८ किंवा ११२ लावायचा, बसस्टँडच्या चौकीवर सांगायचं आणि पोलीस येईपर्यंत डोळ्यासमोर राहायचं, झालं तर कंडक्टरला गाडी दोन मिनिटं थांबवायला लावायची. तुम्हाला जे दिसलं, नावं पाठ करून घेणं, ते आम्ही ट्रेनिंगमध्ये शिकवतो. तुम्हाला न शिकता दिसलं.

काळा कोट ढिला टाय

वकील आहे, थोडक्यात. धर्मांतराची भीती असेल तर मध्य प्रदेशात १९६८ पासून कायदा होताच, आता २०२१ चा आहे. जबरदस्ती, फसवणूक, प्रलोभन याला एक ते पाच वर्षं, बाई, अल्पवयीन किंवा एससी-एसटी असेल तर दोन ते दहा. स्वतःच्या मर्जीने करायचं तरी साठ दिवस आधी कलेक्टरला कळवावं असं त्यात लिहिलंय. प्रलोभनाची व्याख्या इतकी रुंद आहे की नोकरी आणि शाळा पण त्यात बसू शकते. म्हणजे जिजाजींना सांगा की डोकं ठिकाणावर असलेली कुठलीही संस्था आज होममधल्या मुलीला बाप्तिस्म्याचं नाव सुद्धा काढणार नाही, त्यांनाच जास्त भीती आहे. माझ्याकडे दोन अशा संस्थांची कामं आहेत, रजिस्टरमध्ये मुलीचा धर्म लिहून तिला तिच्या देवळात नेल्याच्या तारखा सुद्धा ठेवतात.

भाचीने वाचायचं ते: भारतीय न्याय संहिता १४३ आणि १४४ (जुनं ३७०, ३७०-ए), १९५६ चा आयटीपीए (तोच देहव्यापाराविरुद्धचा), मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो, बाल न्याय कायदा, आणि वेठबिगारीचा १९७६ चा. शेवटचं सगळे विसरतात. तस्करी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त कोठा येतो, आपल्या भागात उचल देऊन वीटभट्टीवर आणि ऊसतोडीला नेलेली कुटुंबं असतात, उचल फिटत नाही, जाऊ देत नाहीत. तिथे एसडीएमकडून मुक्ती प्रमाणपत्र काढून घेणं हीच लढाई. २०१६ च्या योजनेत पुरुषाला एक लाख, बाई आणि मुलांना दोन, तस्करी किंवा लैंगिक शोषण असेल तर तीन. पण पूर्ण रक्कम आरोपीच्या शिक्षेशी जोडलीय, केस लटकली की पैसे लटकले.

देवासवाला

उचल आणि सावकारीचा विषय निघाला म्हणून. आमच्या जिल्ह्यात उदयनगर आहे, तिथे सिस्टर राणी मारिया होत्या, केरळच्याच. आदिवासी शेतमजूर सावकाराच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले, त्यांचे बचत गट केले, बँकेतून कर्ज मिळवायला शिकवलं, तहसीलमध्ये अर्ज लिहायला शिकवलं. अर्ज! तेवढ्यावर पोट दुखलं लोकांचं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये सगळ्या प्रवाशांसमोर भोसकून मारलं. ५० च्या वर प्रवासी होते असं आमच्याकडे सांगतात, कोणी उठलं नाही. नंतर त्यांच्या धाकट्या बहिणीने, ती पण नन, तुरुंगात जाऊन मारणाऱ्याला राखी बांधली, आईने पण माफ केलं, तो सुटून आल्यावर त्यांच्या केरळच्या घरी जाऊन आला. २०१७ च्या ४ नोव्हेंबरला इंदूरला त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, मी गेलो होतो, माझा काही संबंध नाही तरी गेलो, गर्दीत निम्मे तर आमच्या बाजूचे आदिवासी होते.

मला ती राखीची गोष्ट आजपर्यंत पचलेली नाही. म्हणजे समजते, पण मला जमणार नाही.

महूकर

देवासवाला, ही गोष्ट माहीत नव्हती. अर्ज लिहायला शिकवलं हे आवडलं, म्हणजे हक्कच शिकवला की. राखीबद्दल मी पण तुमच्यासारखाच.

आणि जुन्या पुस्तकांनो, तुम्ही एक नाव विसरलात, मीच सांगतो, पाद्र्यांच्या बाजूचं असलं तरी. सी. एफ. अँड्र्यूज. १८३३ नंतर गुलाम मिळेनात म्हणून आपले लोक गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, करून मॉरिशस, फिजीला नेले, आरकाटी म्हणजे भरतीचे दलाल गावोगाव फिरून खोटं सांगायचे, जहाजात बसेपर्यंत माहीत नाही कुठे चाललोय. आजचा ठेकेदार आणि तो आरकाटी एकच. अँड्र्यूज १९१५ ला फिजीला गेला, बायकांची हालत बघून रिपोर्ट लिहिला, १९१७ ला भरती थांबली. मिशनरी म्हणून आला होता, पुढे पाद्रीपणच बाजूला ठेवलं त्याने. दीनबंधू म्हणायचे त्याला.

लाल गिरजाजवळचा

महूकर, कॉड्रिंग्टनबद्दल माहीत नव्हतं. काल रात्री वाचत बसलो. आमच्या पास्टरना विचारणार आहे की हे कधी व्यासपीठावरून का नाही सांगत. खंडणीवर मी एवढं लिहिलं आणि तिकडे संस्थेचाच शिक्का छातीवर, जरा बरं नाही वाटलं.

स्नेहलतागंजची मावशी

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, मी दोनदा वाचलं आणि एकदा ताईला मोठ्याने वाचून दाखवलं. "दहा वर्षं काढली" तुमचं वाचताना ताई उठून आत गेली, डोळे पुसून आली, म्हणाली कांदा चिरत होते. चिरत नव्हती.

अपडेट. भाचीने ते तिन्ही प्रश्न विचारले. पहिल्यावर सिस्टर म्हणाल्या प्रार्थनेच्या वेळी दोन जणी टीव्ही बघतात, आवाज कमी ठेवा एवढंच सांगतो. दुसऱ्यावर म्हणाल्या दार उघडतं पण मी आदल्या रात्री भांडते तिच्याशी, बस स्टँडपर्यंत सोडायला पण जाते आणि वाटेत परत भांडते. तिसऱ्यावर जरा थांबल्या. म्हणाल्या आधी पाठवायचो, चेहरा झाकून, एका मुलीने मोठी झाल्यावर येऊन विचारलं माझी गोष्ट कितीला विकलीत, तेव्हापासून बंद. भाचीने तिथेच सही केली.

पहिल्या दिवशी कोणाला सोडवलं वगैरे काही नाही, एका मुलीचं बँक खातं उघडायला गेली, बँकेला वडिलांची सही पाहिजे, आणि वडील तर त्याच केसमध्ये आरोपी. चार वाजेपर्यंत काउंटरवर उभ्या होत्या दोघी. खातं उघडलं नाही, उद्या परत जाणार. जिजाजी अजून नाराज आहेत पण काल विचारत होते की त्या बँकेचा मॅनेजर कोण आहे, ओळखीचा निघाला तर बघतो.

आईला सगळं वाचून दाखवलं नव्हतं, तिला ऐकू कमी येतं. पण रमाबाईचं नाव कानावर पडलं असावं. रात्री जेवताना एकदम भाचीला म्हणाली, तू नाव विचारलं होतंस ना, माझ्या सासूबाई सांगायच्या त्या रमाबाईचं, केडगावची. आम्ही सगळे बघत बसलो. मग स्वतःच म्हणाली, पण ती तर बाटली होती. मग थोडा वेळ भात कालवत राहिली आणि म्हणाली, चालेल का ती?

गुरुवारी त्या मुलीची विसावी तारीख आहे. मी पण चाललेय, सिस्टरांना दुपारचा डबा घेऊन. कोर्टाजवळ टू-व्हीलर लावायला जागा मिळते का कोणी सांगा.

काळा कोट ढिला टाय

गाडी आणूच नका मावशी, ऑटोने या. आणि डब्यात एक पोळी जास्त ठेवा, अकराची तारीख चार वाजता पुकारतात.